फॅमिलीला दाखवायचंय

इंग्रजीत नामाचे प्रकार किती, यावर सोलापुरात एकमत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो क्लास आहे तिथं आठ शिकवतात. मी पाच शिकवते. त्यामुळे शाळा सुरू झाल्या की कुणीतरी आई पोराला सोडायला येते, चप्पल न काढता दारातच उभी राहते आणि विचारते, "टीचर, तिकडं आठ घेत्यात की, तुमी पाचच?" कोथिंबिरीची जुडी लहान दिली म्हणून भाजीवालीशी बोलतात तो सूर. मी सांगते, पाचांत सगळं बसतं. ती मान हलवते आणि पोराकडं असं बघते की बिचाऱ्याचे तीन प्रकार आजच बुडाले.

सात रस्ता चौकापासून चालत येण्याजोग्या अंतरावर आमचा फ्लॅट आहे. बाहेरच्या खोलीत सतरंजी, भिंतीला पांढरा बोर्ड, समोर आठवी-नववीची पोरं. इंग्रजी घेऊन मी एम.ए. केलं आणि त्या एम.ए.चं पुढं काय झालं, तर ही सतरंजी झाली. वर्षानुवर्षं मी तेच घोकून घेते: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲबस्ट्रॅक्ट. विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक, भाववाचक. पोरं जांभया देत म्हणतात, मी जांभई दाबून ऐकते.

गाइड लिहिणाऱ्यांविषयी मला काडीचा आदर नाही. समूहवाचक नाम आलं की यांना सिंह आठवतात. सिंहांच्या कळपाला वेगळा शब्द, माशांच्या झुंडीला वेगळा, लांडग्यांना आणखी वेगळा. सिंह आमच्या पोरांनी मोबाइलवर पाहिलाय आणि मासा आमच्या घरात गाइडाबाहेर कधी आलेला नाही. मी पोरांना चादर घ्यायला लावते. सोलापूर हे विशेषनाम, चादर सामान्यनाम, सूत पदार्थवाचक, चादरींचा गठ्ठा समूहवाचक आणि अंगावर घेतल्यावर वाटते ती ऊब भाववाचक. एका चादरीत पाचही प्रकार निघतात. पण परीक्षेत भाववाचक नाम म्हणून ऊब लिहिली तर तपासणारा बुचकळ्यात पडतो आणि प्रामाणिकपणा लिहिला तर डोळे झाकून मार्क देतो. म्हणून पोरं प्रामाणिकपणा लिहितात, तोसुद्धा एकमेकांचा बघून.

तर समूहवाचक नाम. माणसं अनेक, शब्द एक, आणि क्रियापद बहुतेक वेळा एकवचनी. याचं उदाहरण सगळ्या गाइडांत पहिलं असतं: फॅमिली. मी बोर्डावर ते लिहीत असते तेव्हा आतल्या खोलीत माझा नवरा फोनवर कुणाला तरी सांगत असतो, "फॅमिली हाय की घरी. पोरं शिकवायलीय."

ती फॅमिली म्हणजे मी. आमच्याकडं फॅमिली म्हणजे बायको. पूर्वी मंडळी म्हणायचे, शब्द तोही समूहवाचकच. मग लोक शिकले, दुकानांवर इंग्रजी पाट्या आल्या आणि मंडळीची फॅमिली झाली. सुधारणा झाली ती एवढीच. अख्ख्या कुटुंबाला जो शब्द लावायचा तो एकट्या बाईला लावतात आणि वर सांगतात, हा मान आहे. मान कसला, नाव घ्यायची लाज वाटते म्हणून काढलेली पळवाट आहे ती.

माझ्या नवऱ्याचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. नावांच्या बाबतीत त्याची स्मरणशक्ती भयंकर आहे. माढ्याकडचं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, कुठल्या ओढ्याकाठी कुठली मोटार बसवली, तिचं कुठलं बेअरिंग कधी गेलं, सगळं याच्या जिभेवर. मोटारींच्या कंपन्यांची नावं तर देवाची घ्यावीत तशी घेतो. फक्त माझं नाव घ्यायची वेळ आली की त्याच जिभेला कुलूप लागतं. चारचौघांत बायकोचं नाव घेणारा पुरुष बायल्या, हे त्याला लहानपणीच कुणीतरी शिकवलं आणि तेवढा एकच धडा त्यानं नीट पाठ केला. मीही त्याचं नाव घेत नाही म्हणा. पण त्याला निदान 'अहो' आणि 'हे' मिळालंय. सर्वनाम का होईना, पुरुषाला काहीतरी मिळतं.

शिवाय माझ्या नावाची गंमत अशी, की ते मुळात माझं नाही. माझ्या जावेचं आणि माझं माहेरचं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोन सुना कशा चालतील, हाक मारली की दोघी येतील, असं म्हणून सासरच्यांनी लग्नात माझं नाव बदललं. दोघी आल्या असत्या तर काय आभाळ कोसळलं असतं, हे कुणी विचारलं नाही. अक्कलकोटला, सासरच्या मांडवात ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं. मग मित्रांनी त्याला उखाण्याचा आग्रह केला. उखाणा त्यानं बरा घेतला, पण नावापाशी येताच बँड वाजला. बँडवाल्याला खूण त्यानंच केली असावी, असा माझा संशय आहे आणि तो जायचा नाही.

तेव्हापासून मला एक हट्ट आहे. लहानसाच, पण सोडवत नाही. मला माझं नाव त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. माहेरचं घे, तांदळातलं घे, मला दोन्ही चालली असती. लेक झाली, वाढली, लग्न होऊन पुण्याला गेली, पण ते काही घडलं नाही. मी त्याला तोंडानं कधी मागितलं नाही, कारण मागून घ्यायची ती गोष्ट नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी माझ्या पोटात दुखायला लागलं. सुट्टीचा वर्ग होता आणि नेमकं भाववाचक नाम चाललं होतं. दुःख, वेदना, भूक ही भाववाचक नामं, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि हाताला लागत नाहीत, असं मी सांगत होते. सांगत असतानाच बेंबीच्या उजव्या बाजूला खाली ती वेदना मला अगदी हाताला लागत होती. मी वर्ग पुरा केला आणि तोवर गल्लीतला दवाखाना बंद झाला. या असल्या व्याकरणासाठी मी रात्रभर विव्हळत पडले, याचा मला आजही राग येतो.

सकाळी नवऱ्यानं मोटारसायकल काढली. त्याला चारचाकी परवडते, पण ती दुकानाच्या मालासाठी असते. प्रत्येक गतिरोधकावर माझ्या तोंडातून जे निघालं ते कुठल्याच प्रकारचं नाम नव्हतं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात आम्ही गेलो. कुठला ते सांगत नाही, सगळे सारखेच. पोचल्या पोचल्या मला उलटीसारखं झालं म्हणून मी बाथरूमकडं धावले आणि नवरा काउंटरपाशी रांगेत उभा राहिला. पुढं तिथं काय झालं ते मला नंतर त्याच्याकडूनच कळलं. त्यात आपली काही चूक आहे असं त्याला वाटत नव्हतं, म्हणून त्यानं ते हातचं न राखता सांगितलं.

काउंटरवर एक मुलगी होती. कोट घातलेली, नव्यानं नेमलेली, चांगल्या इंग्रजी शाळेतून आलेली. या शाळांतून मुली बाहेर पडतात तेव्हा त्यांना इंग्रजी येतं आणि सोलापूर येत नाही. नवऱ्यानं नेहमीप्रमाणं सांगितलं, "फॅमिलीला दाखवायचंय."

मुलीनं विचारलं, फॅमिली पॅकेज का, किती मेंबर. पॅकेज म्हणजे सगळ्या घराची एकदम तपासणी, डोळ्यांपासून रक्तापर्यंत, हे तिनं सांगितलं म्हणे. यानं ऐकलं नाही. याला एवढंच कळलं की घरात माणसं किती ते विचारतायत. त्यानं बोटं मोजली. आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, तो स्वतः आणि मी. सात. लेकीला धरलं नाही, कारण तिचं लग्न झालंय. हे तो मला समजावून सांगत होता, हिशेबात चूक नको म्हणून.

मुलगी म्हणाली, सगळे एकदम आले पाहिजेत आणि उपाशीपोटी आले पाहिजेत. पाइपाच्या मापात केसभर फरक आला तर जो माणूस कंपनीच्या साहेबाशी दुपारभर भांडतो, त्यानं इथं एक प्रश्न विचारला नाही. मोठा दवाखाना आहे, मोठ्या दवाखान्याची पद्धत असंल, असं त्याला वाटलं. कोट घातलेल्या मुलीनं इंग्रजीत सांगितलेलं याला आकाशवाणीसारखं वाटतं. त्यानं अक्कलकोटला भावाला फोन लावला, सगळ्यांना घेऊन ये म्हणाला, काही खाऊ नका म्हणाला. भावानंही कारण विचारलं नाही. हे दोघं भाऊ एकाच मुशीतले.

मी बाहेर आले तर तो म्हणाला, "बसायचंय. सगळे आल्यावर घेत्यात."

सगळे म्हणजे डॉक्टर, असं मला वाटलं. मी खुर्चीत पोटाशी पाय घेऊन बसले. समोर भिंतीवर एक हसणारं कुटुंब चिकटवलं होतं, आईबाप आणि दोन मुलं, चौघांचे दात सारखे. तो शेजारी बसून दुकानातल्या पोराला फोनवर मोटारींची नावं सांगत होता. मध्येच मला विचारायचा, लई दुखायलंय का. मी हो म्हणायचे. तो म्हणायचा, आता येतीलच.

आणि आले. भाड्याची जीप दारात लागली आणि माझं सासर उतरलं. सासूबाईंनी इरकली नेसली होती, दिरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जावेनं गजरा माळला होता. सगळ्यांचे चेहरे उपाशी आणि त्यामुळं धार्मिक दिसत होते. सासूबाई माझ्याजवळ आल्या, कानडीत "एनातव्वा?" म्हणाल्या, काय झालं बाई. मी उत्तर द्यायच्या आत एका नर्सनं त्यांना दंडाला धरून आत नेलं. पॅकेज वयानं सुरू होतं.

मग जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. सासूबाईंचं रक्त घेतलं, वजन केलं, छातीला वायरी लावून आलेख काढला. त्या खूश होऊन बाहेर आल्या. दिरांची उंची मोजली. जावेनं विचारलं की गजरा काढू का, नको म्हणाले. माझे पुतणे काट्यावर चढून एकमेकांची वजनं वाचत होते. मी खुर्चीतून नवऱ्याला म्हणाले, हे काय चाललंय. तो म्हणाला, तपासायलेत की सगळ्यांला, चांगलंच हाय. बायको वाकून अर्धी झालेली समोर दिसत असताना 'चांगलंच हाय' म्हणायला जे डोकं लागतं, ते देवानं त्याला भरपूर दिलंय.

माझी पाळी आली तेव्हा मला डोळ्यांच्या खोलीत नेलं. डावा डोळा झाकायला लावला आणि समोरच्या पाटीवरची इंग्रजी अक्षरं वाचायला सांगितली. घाम गळत होता, तरी मी वाचली. सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा वाचली. इतकी वर्षं बोर्डापुढं उभं राहून अंगी दुसरं काही आलं नसेल, पण समोर लिहिलेलं मुकाट वाचायची सवय तेवढी आली. डोळे तपासणारा तरुण शाबासकी द्यायला वळला आणि मी टेबलाच्या काठाला धरून खाली बसले.

तेव्हा कुठं एक डॉक्टर आला. त्यानं पोटावर हात ठेवला, दाबला, सोडला. सोडल्यावर मी ओरडले. त्यानं बाहेर येऊन नवऱ्याला विचारलं, कधीपासून दुखतंय. कालच्या संध्याकाळपासून, असं कळल्यावर त्याचा आवाज चढला. आल्या आल्या सांगायला काय झालं होतं, म्हणाला.

नवरा म्हणाला, "सांगितलं की. फॅमिलीला दाखवायचंय म्हणलं."

डॉक्टरनं त्याचा नाद सोडला. मग त्यानं स्ट्रेचर मागवलं. अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात होतं, ताबडतोब ऑपरेशन करायला हवं होतं. काउंटरवरची मुलगी कागद घेऊन धावत आली, पॅकेजमधून मला वेगळं काढायचं होतं. सगळं सासर स्ट्रेचरभोवती गोळा झालं आणि मुलीनं नवऱ्याला विचारलं, पेशंटचं नाव काय.

पोटात आग पेटली होती, तरी मी कान टवकारले. खरं सांगते, त्या क्षणी मला ऑपरेशनची भीती नव्हती. मला वाटलं, आता याला सुटका नाही. आता तो बोलणार. मी स्वतः सांगू शकले असते, पण मला कुणी विचारलंच नव्हतं. त्या वाक्यात मी फक्त पेशंट होते, आणि सामान्यनामानं स्वतःहून बोलायचं नसतं.

त्यानं आईकडं बघितलं. थोरल्या भावाकडं बघितलं. वहिनीनं आधीच पदर सावरून मान खाली घातली होती. मग त्यानं खिशातून माझं आधार कार्ड काढलं, काउंटरच्या मुलीपुढं धरलं आणि म्हणाला, "ह्याच्यावर हाय बघा."

मुलीनं बघितलं आणि उतरवून घेतलं. तिनंसुद्धा ते मोठ्यानं वाचलं नाही. मला आत नेलं.

ऑपरेशन नीट झालं. सासरच्या मंडळींचे रिपोर्टही दोन दिवसांनी नीट आले. सासूबाईंची साखर उत्तम आहे, दिरांना चष्मा लागलाय. दवाखान्यानं पॅकेजबद्दल आभाराचा मेसेजही पाठवला. कुणी कुणाला दोष दिला नाही. ती मुलगी त्याच काउंटरवर आहे, आणि तिथं उभे राहणारे नवरेही तेच आहेत.

शुद्धीवर कशी आले ते मला आठवत नाही. ते दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना सिस्टरनं सांगितलं. ऑपरेशननंतर पेशंटला नावानं हाक मारतात, पेशंट डोळे उघडतो, मग त्याला बाहेर आणतात. तिनं फाइलवरचं नाव घेऊन हाक मारली. मी हलले नाही. तिनं मोठ्यानं मारली, गालावर चापट्या मारल्या, भूल देणाऱ्या डॉक्टरांनीही हाक मारली. मी ढिम्म. ते घाबरले, सगळं ठीक दिसत असताना ही बाई उठत का नाही.

कशी उठणार? तांदळात लिहिलेल्या त्या नावानं मला कधी कुणी हाकच मारलेली नाही. सासूबाई मला धाकली म्हणतात, पुतणे काकू म्हणतात, पोरं टीचर म्हणतात, लेक आई म्हणते. ते नाव गॅसच्या पुस्तकावर आहे, आधारवर आहे, मतदारयादीत आहे. कागदाला हाक ऐकू येत असती तर कागद उठला असता. माहेरच्या नावानं हाक मारणारी माझी आई होती, ती गेली.

शेवटी डॉक्टरांनी बाहेरून नवऱ्याला बोलावलं. टोपी घातली, हिरवा गाऊन चढवला, माझ्या उशापाशी आणून उभं केलं. घरी ज्या नावानं बोलावता त्या नावानं हाक मारा, असं सांगितलं. तिथं त्याची आई नव्हती, भाऊ नव्हता, वहिनी नव्हती. लाजायला कुणी म्हणजे कुणी नव्हतं. सिस्टर म्हणाली, त्यांनी आधी मागं वळून दाराकडं बघितलं. मग वाकले, तुमच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "ए, ऐकायलीस का?"

सिस्टर हसत हसत सांगत होती. तेवढ्यावर मी डोळे उघडले म्हणे. नुसते उघडले नाहीत. "आले, आले," म्हणाले आणि उठायला लागले.